भूतबंगल्यासमोरील रांग

भाऊबीज झाली कीं भंडारा जिल्ह्यांत मंडईचे दिवस सुरू होतात. हलकें धान कापून झालेलें असतें, भारी धान अजून शेतांत उभें असतें, आणि या मधल्या उसंतींत गांवोगांवच्या मंडया आपापला दिवस ठरवून भरतात. साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या बाजूस तर एका गांवची मंडई उरकली कीं दुसऱ्याची लागते. लेकी-जांवई येतात, सोयरिकींचीं बोलणीं निघतात, दिवसा दंडार होते आणि रात्रीं झाडीपट्टीचें नाटक उभें राहतें. नोकरीनिमित्त नागपूर, पुणें, मुंबई येथें राहणारीं पुष्कळ कुटुंबेंहि या निमित्तानें मुलांना घेऊन गांवीं जातात. श्रोत्यांपैकीं कित्येकांना ही गर्दी परिचयाची असेल.

मोठ्या मेळ्यांत आकाशपाळण्याच्या शेजारीं आतां बहुधा एक भूतबंगलाहि असतो. पत्रे, प्लायवूड आणि रंगविलेलें कापड यांचें तें घर. दर्शनीं भागावर जिभा काढलेल्या राक्षसांचीं चित्रें, आंत कवट्या आणि सांगाडे, लाल-हिरवे दिवे, आणि ध्वनिक्षेपकावरून तीच ती किंकाळी पुनःपुन्हां. बाहेर रांग. पाऊण तास, कधीं तासभर, पोरेंबाळें कडेवर घेऊन माणसें तेथें उभीं असतात. अखेर आंत शिरावें तों अडीच-तीन मिनिटांत मागच्या दारानें बाहेर. सांगाड्याला हलविणारी दोरी दिसलेली असते, पुढच्या टोळीच्या पाठी दिसलेल्या असतात, आणि मुखवटा घातलेलें भूत भिंतीला टेकून दम खात असलेलेंहि दिसलेलें असतें. कडेवरचें लहानगें तेवढें घाबरून रडतें, बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात आणि “एवढेंच होतें काय?” असें विचारतात.

आपणांस पुरेशी भीति मिळाली नाहीं म्हणून गिऱ्हाइकानें भांडावें, असा हा बहुधा एकच धंदा असेल. ही तक्रार ऐकून हंसूं येणें साहजिक आहे. परंतु माणशीं चाळीस रुपये तिकीट धरलें तरी पांच जणांच्या घराचे दोनशें रुपये होतात. शहरांतील पगारदाराला ही रक्कम किरकोळ वाटेल. रोवणी आणि कापणीच्या मजुरीवर ज्यांचें घर चालतें त्यांना ती किरकोळ नाहीं. शिवाय पैशांबरोबर मंडईची संध्याकाळहि खर्च होते, आणि ती वर्षांतून एकदांच येते.

हा खोळंबा कसा होतो, हें शाळेंतल्या त्रैराशिकानें उलगडण्यासारखें आहे. समजा, एका वेळीं सहा जणांची टोळी आंत सोडली आणि तिला फेरी पुरी करण्यास चार मिनिटें लागलीं. म्हणजे तासाला नव्वद माणसें पार होतात. आतां खिडकीवर तासाला दीडशें तिकिटें विकलीं जात असतील, तर दर तासाला साठ माणसें मागें उरतात. दोन तासांनीं रांगेंत एकशें वीस जण उभे असतात, आणि त्यावेळीं तिकीट घेणाऱ्याचा नंबर लागण्यास ऐशीं मिनिटें लागतात. तिकीट विकणाराला हें ठाऊक नसतें असें नाहीं. पण खिडकी बंद करणें म्हणजे आलेली लक्ष्मी परत पाठविणें, असें त्याला वाटतें. मग तो दुसरा उपाय योजतो: टोळ्या चार मिनिटांऐवजीं दोन मिनिटांनीं सोडूं लागतो.

येथेंच खरी गोम आहे. भूतबंगल्यांत जें विकलें जातें तें सांगाडे नव्हेत, मुखवटे नव्हेत. पुढें काय येणार हें ठाऊक नसण्याचे दोनचार क्षण तेथें विकले जातात. भुतानें एका टोळीवर झडप घातली कीं त्याला पुन्हां आपल्या कोनाड्यांत जाऊन लपण्यास वेळ लागतो. तो वेळ मिळाला नाहीं तर दुसऱ्या टोळीला भूत वाटेंतच भेटतें. पुढचे ओरडले कीं मागच्यांना धोक्याची जागा कळते. दिवा लागण्याची वेळ चुकते, डोळे अंधाराला सरावण्यापूर्वींच माणूस बाहेर पडतो. अशा रीतीनें लांब रांग आणि नीरस खेळ हीं दोन वेगळीं दुःखें नसून एकाच लोभाचीं दोन टोकें आहेत. रांग हटविण्याच्या घाईंत ज्या वस्तूसाठीं रांग लागली तीच वस्तु नाहींशी होते.

रांगेचा विचार गणितज्ञांनींहि केलेला आहे. डेन्मार्कचे ए. के. एर्लांग हे कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत काम करीत. जोडणी मिळविण्यासाठीं गिऱ्हाइकांचा जो खोळंबा होई त्याचा हिशेब मांडतां मांडतां त्यांनीं या शास्त्राचा पाया घातला. त्यांचा पहिला निबंध १९०९ सालचा. या शास्त्राचा एक सिद्धान्त व्यवहारांत फार उपयोगाचा आहे. येणाऱ्यांची संख्या काम उरकण्याच्या शक्तीच्या जवळ जाऊं लागली, कीं रांग हळूहळू वाढत नाहीं. ती एकाएकीं फुगते. माणसें ठराविक अंतरानें येत नाहींत, झुंडीनें येतात, हें त्याचें कारण. दंडार संपली कीं सगळी मंडई एकदम पाळण्याकडे वळते, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला यासाठीं निराळा पुरावा नको.

परंतु मिनिटांचा हिशेब एक आणि मनाचा हिशेब दुसरा. डेव्हिड मेस्टर नांवाच्या अभ्यासकानें १९८५ सालीं वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला, तो अजूनहि वाचला जातो. हाताला किंवा डोळ्यांना कांहीं उद्योग असला तर वेळ लवकर सरतो; किती थांबावयाचें हें माहीत नसलें तर तो लांबतो; खोळंब्याचें कारण कळलें नाहीं तर आणखी लांबतो; आणि आपल्या मागून आलेला पुढें गेला तर तो असह्य होतो, असें त्यांत दाखविलें आहे. मंडईंतल्या रांगेला हीं सर्व कलमें लागू पडतात. “पांचच मिनिटें” असें दर वीस मिनिटांनीं सांगण्यांत येतें. जनित्र बंद पडलें आहे कीं आंतलें भूत जेवावयास गेलें आहे, हें कोणी सांगत नाहीं. आणि कोणातरी पुढाऱ्याचे पाहुणे बाजूचा पडदा उचलून सरळ आंत जातात.

उलट त्याच गांवांत, त्याच रात्रीं, झाडीपट्टीच्या नाटकाची गंमत पाहावी. जाहीर केलेल्या वेळीं पडदा क्वचितच उघडतो. नाटक पहांटेपर्यंत चालतें. थंडी असते. तरी हजारों माणसें घोंगड्या-चादरी पांघरून बसून असतात आणि उशिराबद्दल फारशी कुरकुर ऐकूं येत नाहीं. कारण तेथें वाट पाहणें हा उत्सवाचाच भाग आहे. माणसें बसलेलीं असतात, शेजारीं मामा-मावशी असतात, शेंगांच्या पुड्या फिरत असतात, पेटी-तबल्याचे सूर लागत असतात. मुख्य म्हणजे शेवटीं जें मिळतें तें ओंजळ भरून मिळतें. तीन मिनिटांच्या खेळासाठीं तासभर आणि रात्रभराच्या खेळासाठींहि तासभर, या दोन तासांची लांबी घड्याळांत सारखी असली तरी माणसाच्या लेखीं ती सारखी नाहीं.

भीतीचा बाजार मांडण्याची कला कांहीं आजची नव्हे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या पॅरिसांत, १७९८-९९ च्या सुमारास, एत्येन-गास्पार रॉबेर नांवाचा बेल्जियन गृहस्थ ‘रॉबर्टसन’ हें नांव घेऊन एका ओसाड मठांत जादूच्या कंदिलानें भुतें दाखवीत असे. त्याच्या प्रेक्षकांना सरळ खेळाच्या दालनांत नेत नसत. प्रथम चमत्कारिक उपकरणांची खोली, मग काळोखे बोळ, आणि मग खेळ. म्हणजे थांबण्याचा वेळ त्यानें वायां घालविला नाहीं. त्याचें त्यानें भीतींत रूपांतर केलें. पुढें १८६२ सालीं लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्यें प्रो. पेपर यांनीं तिरक्या कांचेच्या साह्यानें रंगभूमीवर पारदर्शक भूत उभें केलें. ती युक्ति आजहि वापरांत आहे. आपल्याकडेहि कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जादूच्या कंदिलाचे खेळ ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें दाखविले. त्यांत भुतें नव्हतीं, पुराणकथा होत्या. पण कांचेवर हातानें रंगविलेल्या चित्रांना चालतें-बोलतें करण्यासाठीं त्या घराण्यानें जी मेहनत घेतली, तिच्यापुढें आजचा प्लायवूडचा सांगाडा लाजेल.

अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील डिस्नेलँडमध्यें ‘हॉन्टेड मॅन्शन’ ९ ऑगस्ट १९६९ रोजीं उघडलें. त्याच महिन्यांत त्या उद्यानांत एका दिवसांत ब्याऐशीं हजारांवर माणसें आलीं. एवढ्या लोंढ्यासाठीं तेथें टोळ्या सोडण्याची पद्धत नाहीं. न थांबतां फिरणाऱ्या गाड्यांची सांखळीच आहे. शिवाय आरंभींची जी खोली ताणून उंच होत असल्याचा भास होतो, ती वस्तुतः पाहुण्यांना खालच्या भुयाराकडे नेणारा पाळणा आहे. नेण्याआणण्याचें कंटाळवाणें कामच तेथें तमाशा बनलें आहे. आतां साकोलीच्या मंडईंत असला पाळणा कोणी मागणार नाहीं. पण रांगेच्या कडेला चार चित्रें, एखादा गोष्ट सांगणारा खणखणीत आवाजाचा माणूस, एवढें मागावयास काय हरकत आहे? गोष्ट सांगणाऱ्यांचा झाडीपट्टींत दुष्काळ नाहीं.

आंतल्या भुताबद्दलहि दोन शब्द बोलणें न्यायाचें होईल. लोक रागावतात ते त्याच्यावर. पण रबरी मुखवटा घालून, पत्र्याच्या कोंदट खोलींत, संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत दर दोन मिनिटांनीं किंचाळणें हें हलकें काम नाहीं. कोणी त्याला चापट मारतो, कोणी मुखवटा ओढतो, कोणी डोळ्यांवर विजेरी मारतो. अशा जागीं एकाऐवजीं दोन माणसें पाळीपाळीनें ठेवलीं तर खेळहि चांगला होईल आणि त्या माणसाचे हालहि थांबतील. मालकानें खर्च वाचविला तो नेमका या ठिकाणीं, आणि तो वसूल होतो प्रेक्षकाकडून.

आतांपर्यंतचें बोलणें खेळाचें झालें. पण अरुंद बोळ, काळोख, कापडाचे पडदे, उघड्या तारा आणि दाटलेली माणसें हीं एकत्र आलीं म्हणजे गोष्ट खेळाची राहत नाहीं. ११ मे १९८४ रोजीं अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत एका करमणूक-उद्यानांतील ‘हॉन्टेड कॅसल’ला आग लागून आठ तरुण मुलेंमुली मृत्युमुखीं पडलीं. राजकोट येथें २५ मे २०२४ रोजीं खेळघराला लागलेल्या आगींत पंचवीसांहून अधिक माणसें गेलीं. भंडाऱ्याच्या लोकांना आगीविषयीं दुसऱ्यानें सांगावें असें कांहीं उरलेलें नाहीं. ९ जानेवारी २०२१ च्या पहांटे जिल्हा रुग्णालयांतील नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बालकें दगावलीं, तो दिवस त्या जिल्ह्याला विसरतां येणार नाहीं. भूतबंगल्यांत धोका एका कारणानें अधिक असतो. अन्यत्र किंकाळी ऐकली कीं लोक धांवतात. येथें किंकाळी हा खेळाचाच भाग समजला जातो, धूरहि खेळाचाच भाग समजला जातो. म्हणून तिकीट काढण्यापूर्वीं पाहावयाचें तें दर्शनीं राक्षसाचें चित्र नव्हे. बाहेर पडण्याचें दुसरें दार आहे काय, तें आंतून ढकलून उघडतें काय, आग विझविण्याचें नळकांडें हाताशीं आहे काय, आणि सर्व दिवे एकदम लावण्याचा खटका कोणाच्या हाताखालीं आहे, हें पाहावें. कोणी हंसेल तर हंसूं द्यावें.

फसवणूक झालीच तर कायदा आहे. १९८६ च्या जुन्या कायद्याच्या जागीं आलेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. पैसे घेऊन दिलेली करमणूक ही त्याच्या दृष्टीनें सेवाच होय, आणि फलकावर एक दाखवून आंत दुसरेंच देणें हें ग्राहकाला मुकाट्यानें सोसावें लागत नाहीं. १९१५ या दूरध्वनि-क्रमांकावर तक्रार नोंदवितां येते. त्यापुढें जिल्हा ग्राहक आयोग आहे. अर्थात् चाळीस रुपयांसाठीं भंडाऱ्याला खेटे घालणारा विरळा, आणि निकाल लागेपर्यंत तो भूतबंगला मोडून, मालमोटारींत भरून, कोण जाणे कोणत्या जिल्ह्यांत गेलेला असतो. म्हणून या प्रकरणांत खरा अधिकार जागा देणाऱ्याचा. मंडईची जागा ग्रामपंचायत किंवा मंडईची समिति ठरविते. पत्र्याचा पहिला खांब रोवला जाण्यापूर्वींच त्यांनीं मालकाला दोन अटी घालाव्या: एक त्या दुसऱ्या दाराची, आणि दुसरी तिकिटावर वेळ घालण्याची. या दुसऱ्या अटीला यंत्र लागत नाहीं. तासाला नव्वद माणसें पार होत असतील तर आठ ते नऊ या वेळेच्या शिक्क्याचीं नव्वदच तिकिटें विकावीं. एक रबरी शिक्का आणि शाईची एक डबी एवढीच सामग्री त्यास पुरते. सहा वाजतां आठचें तिकीट घेतलेल्या कुटुंबाला मधले दोन तास मोकळे मिळतात. तेवढ्यांत दंडार पाहून होते, म्हाताऱ्या आत्याची भेट होते, पोरांना जिलेबी मिळते, आणि आंतल्या भुतालाहि कोनाड्यांत परत जाऊन नीट लपावयास चार मिनिटें मिळतात.