गाणी संगणकात ठेवताना
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या संगणकात गाणी भरण्याचे काम गेल्या वर्षापासून आम्हा चार-पाच जणांकडे आहे. आम्ही कोणी गवई नाही. कोणी तहसिलीत, कोणी जनपद पंचायतीत, कोणी शाळेत. विषय जरा तांत्रिक आहे, पण खसऱ्याची नकल काढायला कधीच गेला नाही असा माणूस या सभागृहात नसेल, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

प्रमाणित नकल मूळ नोंदीशी आकड्याला आकडा जुळते. तिची झेरॉक्स काढली, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढली, की पाचव्या कागदावर रकबा ०.३० आहे की ०.८० हे खुद्द पटवाऱ्यालाही सांगता येत नाही. गाण्यांच्या फाईलींचे अगदी असेच आहे.

सीडीवर प्रत्येक सेकंदाला डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते. २००१ साली आलेली फ्लॅक ही पद्धत हेच आकडे घडी घालून ठेवते. साडीची घडी घातली म्हणून पदर तोकडा होत नाही. जागा पुष्कळदा निम्म्यावर येते आणि फाईल उघडली की एकही बिट कमी भरत नाही. एमपीथ्रीचे तसे नाही. कानाला कळणार नाही असा हिशेब करून ती आवाजाचा काही भाग कापून टाकते. १२८ च्या दराने मिनिटाला जेमतेम १ एमबी लागतो. कापलेले परत मिळत नाही.

कापल्याचे सगळ्यात आधी कुठे कळते? टाळात आणि खंजिरीत. बोलणे, हार्मोनियम, संथ आलाप यांत पुष्कळांना फरक जाणवत नाही, आम्हालाही नाही. पण टाळेचा तो एकदम उठणारा ठोका कमी दराच्या एमपीथ्रीत पसरतो, त्याची सळसळ होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने खंजिरीवर म्हणणाऱ्या आपल्या मंडळांना ही गोष्ट कानाने लगेच कळते, त्यासाठी संगणक लागत नाही.

आता डाउनलोडचे. काही कलाकार आपले गाणे फ्लॅकमध्ये विकतात, जुन्या तबकड्यांचे आवाजही या स्वरूपात मिळतात. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो आणि गीतकार-संगीतकाराचा हक्क वेगळा मोजला जातो. तेव्हा ‘नेटवर आहे म्हणजे फुकट आहे’ असे मंडळाच्या नावाने तरी आम्ही करत नाही.

फाईल आली आणि संगणकातल्या संग्रहाने ती घेतलीच नाही, ही नेहमीची तक्रार. ॲपलचा आयट्यून्स फ्लॅक घेत नाही. तिथे लोक वैतागून सरळ एमपीथ्री करून मोकळे होतात आणि मूळ फाईल पुसून टाकतात. त्याची गरज नाही. ॲपलची स्वतःची अलॅक ही पद्धत २००४ पासून आहे, तीही काही न कापणारी. फ्लॅकमधून अलॅक केले तर प्रमाणित प्रतीवरून प्रमाणित प्रत निघते. फूबार २००० किंवा फ्रीॲक यांसारखे मोफत प्रोग्राम हे काम फोल्डरच्या फोल्डर करून देतात. लक्ष एवढेच ठेवायचे की अलॅकच्या फाईलीच्या नावाचे शेपूट एमफोरए असते, आणि आवाज कापणाऱ्या एएसीचेही तेच असते. शेपूट पाहून भुलू नका, फाईलीची माहिती उघडून प्रकार वाचा. विंडोज १० आणि त्यापुढचा संगणक असेल तर फ्लॅक आहे तशीच वाजते, बदलायचेच काम नाही.

फ्लॅक करताना शून्य ते आठ अशी दाबण्याची पातळी विचारतात. आठवर आवाज बिघडेल अशी भीती एका सभासदांना होती. पातळीने फक्त फाईलीचा आकार आणि लागणारा वेळ बदलतो. फ्लॅकच्या पोटात मूळ आवाजाची एक खूणही नोंदलेली असते, तिच्याशी ताडून फाईल धड आहे की नाही हे तपासता येते. हार्डडिस्क बदलली की आम्ही ही तपासणी लावतो.

उलटा उद्योगही चालतो. एमपीथ्रीची फ्लॅक करायची आणि ‘ओरिजिनल’ म्हणून वाटायची. झेरॉक्स जाड कागदावर काढली म्हणून नकल होत नाही. ऑडॅसिटीत आवाजाचा आलेख पाहिला आणि तो १६ हजार हर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखा दिसला तर शंका घ्यावी. जुन्या तबकडीत किंवा कॅसेटमध्ये मुळातच वरचे स्वर कमी असतात, तिथे मात्र हा पुरावा चालत नाही.

मंडपासाठी पेनड्राइव्ह लागतो, आणि मंडपातल्या पुष्कळ ॲम्प्लिफायरना एमपीथ्रीच कळते. खुशाल करा. संग्रहातल्या फाईलीवरून दरवर्षी नवी प्रत काढा, उत्सव संपला की पुसा.

नावांचे काम मात्र यंत्र करत नाही. डाउनलोड केलेल्या निम्म्या फाईली ‘अनोळखी कलाकार’ म्हणून एका ढिगात जातात. फ्लॅकमध्ये देवनागरी नीट राहते. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली नावे चिन्हांचा कचरा होऊन येतात, ती पुन्हा लिहावी लागतात. डब्ल्यूएव्हीत नावे टिकतीलच असे नाही. आणि एकाच गावाचे पांढुर्णा, पांढुरणा, पांढुर्ना असे तीन कप्पे होतात! चिठ्ठीवर ‘जि. छिंदवाडा’ लिहिले असेल तर आम्ही तसेच ठेवतो. आपला जिल्हा २०२३ मध्ये वेगळा झाला, भजन त्याआधीचे.

ही खटपट कशासाठी, असे विचारतात. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. ‘स्वयंवर’च्या चाली त्यांच्या, बालगंधर्व त्यांचे शिष्य. कलकत्त्यात गौहरजानचे मुद्रण १९०२ सालीच झाले होते, म्हणजे यंत्र देशात होते. तरी बुवांच्या गळ्याची एकही तबकडी आपल्याकडे नाही. ज्यांच्या तबकड्या निघाल्या त्यांच्यासाठी मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी झटत आहेत. आपल्या गावच्या भजनी बुवांची तबकडी कोण काढणार होते? त्यांचा आवाज घरातल्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या एखाद्या कॅसेटवर आहे, आणि पुष्कळदा फक्त तिथेच. शहरातल्या एका दुकानाने अशा कॅसेटी ६४ च्या दराने एमपीथ्री करून दिल्या आणि कॅसेटी ‘आता काय कामाच्या’ म्हणून ठेवून घेतल्या. त्या घरात आता टाळ ऐकू येत नाही, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखे ऐकू येते.

म्हणून विनंती. घरी भजनाची, दंडारीची, आजीच्या ओव्यांची कॅसेट असेल तर आणून द्या. आम्ही ती २४ बिटांत भरतो, खरखर काढायची ती दुसऱ्या प्रतीत, पहिलीला हात लावत नाही. एक हार्डडिस्क पांढुर्ण्यात आणि एक सौसरला राहील. कॅसेट तुमची तुम्हाला परत मिळेल. आणण्याआधी घरी वाजवून पाहू नका, जुनी फीत यंत्रात गुंडाळते. आणि डबीतली चिठ्ठी काढू नका. गाणारे कोण, पेटीवर कोण, हे बहुधा तिच्यावरच लिहिलेले असते.