शिशिरातील स्वस्थता



माघ महिना हा गोमंतकातील देवस्थानांच्या जत्रांचा काळ. मंगेशीची जत्रा माघी पौर्णिमेला पूर्ण होते, आणि तिच्या आगेमागे अंत्रुज महालातील इतर देवळांतही पालख्या, रथ, दिव्यांची आरास यांची गर्दी उसळते. परगावी राहणारे महाजन मोठ्या श्रद्धेने येतात, दर्शन घेतात, ‘मनाला शांती लाभू दे’ असे गाऱ्हाणे घालतात, आणि प्रसाद घेऊन बहुधा त्याच संध्याकाळी परततात. जी वस्तू देवापाशी मागितली ती वडिलोपार्जित घराच्या अंगणात नेमकी याच दिवसांत पसरलेली असते, हे मात्र पाहायचे राहून जाते.

ज्या पिढीचे शिक्षण पोर्तुगीज पुस्तकांवर झाले, तिच्या कल्पनेतील हिवाळा बर्फाचा आणि शेकोटीचा होता. खिडकीबाहेर मात्र आंबा मोहरत असे. आपल्याकडील थंडी तशी लाजरीच. पणजीत ऐन जानेवारीतही पहाटेचा पारा सामान्यतः २० अंशांच्या आसपास असतो. उत्तर हिंदुस्थानातील माणूस याला थंडी म्हणणार नाही. तरीही म्हाताऱ्यांना शाल लागते, वायंगणाच्या शेतावर धुके उतरते, आणि सकाळी तासभर ऊन चक्क गोड वाटते. चैत्र लागला की हेच ऊन सोसवत नाही.

या दिवसांत कुळागरातील मिरी तयार होते. पोफळीवर चढलेल्या वेलीच्या घडात एखाद-दुसरा दाणा तांबडा दिसला की घड उतरवावयाचे, दाणे सोडवावयाचे, आणि अंगणात चटईवर पसरावयाचे. पहिल्या दिवशी दाणे हिरवे असतात. मग तपकिरी होतात. चांगले ऊन मिळाले तर काही दिवसांत काळे होऊन त्यांवर सुरकुत्या पडतात. घरातील वृद्ध स्त्री मधूनमधून हात फिरवून ते खालीवर करते, कोंबड्यांना हाकलते, आभाळ भरून आले तर सारा पसारा पडवीत ओढते. घाई करून मिरी वाळत नाही. तिला कोणी मनःशांतीचे प्रवचन दिलेले नसते. तिची दुपार मात्र शांत जाते.

पुढे सुरंगी फुलते. तिच्या कळ्या उमलण्यापूर्वी, सकाळीच काढाव्या लागतात, कारण उमललेल्या फुलाच्या पाकळ्या टिकत नाहीत. त्या कळ्यांचा वळेसर माळणारी स्त्री देवळाच्या चौकातून गेली, तर ती दृष्टिआड झाल्यावरही क्षणभर वास रेंगाळतो. सुकली तरी सुरंगी आपला गंध सोडत नाही.

हे सांगताना एकाकीपणाचे काव्य करू नये. आज कित्येक घरे चतुर्थीला आणि जत्रेलाच उघडतात. जी उघडी आहेत त्यांतल्या अनेकांत एक किंवा दोन वृद्ध. कचेरीतून निवृत्त झालेल्या गृहस्थास सकाळी दहा वाजता जावयास ठिकाण उरत नाही. तो तेच वर्तमानपत्र पुनःपुन्हा उलगडतो आणि दूरध्वनीची वाट पाहत ओसरीवर बसतो. रात्री छातीत दुखू लागले तर मिरीचा दाणा उपयोगी पडत नाही, शेजार लागतो. पण दिवस भरण्यापुरता विचार केला, तर ऋतूचे एखादे काम हाती धरणारा म्हातारा आणि गेलेल्यांची मोजदाद करीत बसणारा म्हातारा यांच्या चेहऱ्यांत माघ सरेपर्यंत फरक पडतो. पाटाला पाणी सोडणे, आळी सारखी करणे, वाळत घातलेल्या सुपाऱ्या परतणे, एवढेही पुरते.

म्हणून जत्रेस येणाऱ्या महाजनांनी परतीचे तिकीट दोन दिवस पुढचे काढावे, एवढीच विनंती. घर राहण्याजोगे नसेल तर देवस्थानाच्या अग्रशाळेत उतरावे. सकाळच्या उन्हात वडीलधाऱ्यांजवळ बसावे. मुलांना कुळागरात मोकळे सोडावे. दंव पडण्यापूर्वी मिरी आत घ्यावी लागते, आणि भरलेली सुपे म्हाताऱ्या हातांना जड होतात.