सच्छिद्र खडकातून जिवाणूंचा प्रवास
(व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या पायाखालची भूमी वरवर भरीव भासते. परंतु वालुकाश्मासारख्या खडकाच्या कणाकणांमध्ये असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांतून पाणी झिरपते आणि पाण्याबरोबर जिवाणूही जातात. जिवाणूचे माप साधारणतः मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे असते. शौचालयाच्या खड्ड्यातील रोगजंतू विहिरीपर्यंत पोहोचतील काय, किंवा जिवाणूंच्या साहाय्याने खडकात अडकलेले खनिज तेल बाहेर काढता येईल काय, हे दोन्ही प्रश्न या प्रवासाशी निगडित आहेत.

प्रयोगशाळेत हा प्रवास मोजण्याची रीत सोपी आहे. खडकाचा दंडगोल तुकडा घ्यावयाचा, त्यात पोषक द्रव भरावयाचा, एका टोकास जिवाणू सोडावयाचे आणि दुसऱ्या टोकास ते केव्हा प्रकट होतात, हे पाहावयाचे. अडचण एवढीच की, खडकात मूळचेही जिवाणू असतात. बाहेर आलेला जिवाणू आपण सोडलेला की तेथलाच, हे कसे ओळखावे? म्हणून तुकडा आधी निर्जंतुक करावा लागतो आणि खरी मेख येथेच आहे.

निर्जंतुकीकरणाच्या दोन रीती विशेष प्रचलित आहेत. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालील वाफेची सुमारे १२१ अंश सेल्सियसची ओली उष्णता देतात. कोरड्या उष्णतेच्या रीतीत भट्टीचे तापमान सुमारे १६० अंशांपर्यंत नेऊन ते दीड-दोन तास किंवा अधिक काळ राखतात. जंतू दोन्ही रीतींनी मरतात. पण खडकावर दोहोंचा परिणाम सारखा होत नाही.

अमेरिकेतील ओहायो राज्यातला बेरिया वालुकाश्म अशा प्रयोगांत नेहमी वापरला जातो. ओक्लाहोमा विद्यापीठातील संशोधकांनी याच खडकाचे तुकडे दोन्ही रीतींनी निर्जंतुक करून त्यांतून जिवाणूंना जाण्यास लागणारा काळ तपासला. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा विषयच मुळी हा होता की, निर्जंतुकीकरणाची रीत बदलली तर जिवाणूंच्या प्रवासावर काय परिणाम होतो.

याचे कारण समजण्यास दूर जावयास नको. वैशाखात आपल्या काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच. चिकणमातीतील पाणी गेले की ती आकसते. वालुकाश्माच्या पोकळ्यांतही चिकणमातीचे बारीक थर असतात. तिची जात काळ्या जमिनीतील मातीहून वेगळी असली, तरी कोरड्या उष्णतेने तिचे पाणी उडते व तिची ठेवण बदलू शकते. माती आकसली तर वाट रुंद होते. तिचे कण सुटून पुढे अडकले तर वाट बुजते. म्हणजे जंतू मारण्यासाठी केलेला उपाय खडकालाही बदलून टाकतो आणि मग आपण मूळ खडकाचे नव्हे, तर तापविलेल्या खडकाचे मोजमाप करीत बसतो. रासायनिक द्रव्ये वापरली, तर त्यांचा अंश मागे राहून प्रयोगातील जिवाणूंनाच बाधतो. म्हणून ‘तुकडा निर्जंतुक केला’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या रीतीने केला, हेही नमूद करावे लागते.

आपल्या राज्याच्या दृष्टीने यात एक इशारा आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. येथे भूजल मुख्यतः मुरूम, सांधे आणि भेगा यांतून वाहते. वालुकाश्मातील गाळणी येथे गृहीत धरता येत नाही. भेगेतून दूषित पाणी फारसे न गाळता विहिरीत उतरू शकते. म्हणून विहीर व शौचालय यांतील अंतर ठरविताना केवळ फूटपट्टीवर विसंबू नये. भूगर्भ कसा आहे, उतार कोणीकडे आहे, हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांकडून ग्रामपंचायतीने समजून घ्यावे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यात पाण्याचे नमुने तपासून घ्यावेत आणि क्लोरिनची मात्रा नियमित ठेवावी.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. विद्यार्थ्यांसमोर कोणत्याही प्रयोगाचा निष्कर्ष ठेवताना, तपासणीपूर्वी त्या वस्तूवर कोणते संस्कार झाले होते, हा प्रश्न त्यांना विचारावयास शिकवा. दूरच्या प्रयोगशाळेतील आकडा आपल्या गावच्या विहिरीला लावण्यापूर्वी पंचायतीनेही हाच प्रश्न विचारला, तर गावाचे आरोग्य अधिक सुरक्षित राहील.