आईचा फोन, माझा लॅपटॉप आणि ब्राउझर बदलायचा प्रश्न

मला दर महिन्याला कुणी ना कुणी एक प्रश्न विचारतंच: "क्रोम सोडून फायरफॉक्स घेऊ का? आणि जीमेलच्या ॲपऐवजी थंडरबर्ड?" आधी मी याचं उत्तर फार ऐटीत द्यायचो. इंजिनिअर माणूस, ओपन सोर्सवर दहा मिनिटं भाषण ठोकायचं. मग गेल्या मे महिन्यात आईचा फोन हातात आला आणि ऐट उतरली.

झालं असं, की आईच्या फोनवर दर अर्ध्या तासाला एक नोटिफिकेशन यायचं. "तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले", आणि खाली एक मोबाइल नंबर. तीन दिवस तिने कुणाला सांगितलंच नाही. तिला वाटलं, आपल्याच हातून काहीतरी बिघडलंय, पोरगा ओरडेल. चौथ्या दिवशी ती त्या नंबरवर फोन लावणार होती. तोही त्याच मोबाइलवरून, ज्यावर तिचं यूपीआय आहे आणि पेन्शन जमा झाल्याचा मेसेज येतो. नशीब, मी त्याच दिवशी घरी पोचलो.

बघितलं तर व्हायरस वगैरे काही नव्हता. कुठल्याशा रेसिपीच्या साइटवर तिच्याकडून 'अलाऊ' दाबलं गेलं होतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटची नोटिफिकेशनची परवानगी काढली, संपलं. दोन मिनिटांचं काम. म्हणजे दोष ब्राउझरचा नव्हता. फायरफॉक्समध्येही साइट अशीच परवानगी मागू शकते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी फायरफॉक्सचं कौतुक करणार आहे.

पण ती साइट मी स्वतः उघडून बघितली आणि डोकंच फिरलं. मोदकाच्या उकडीचं प्रमाण शोधायला खाली खाली जात राहायचं, मध्ये तीन हिरवी 'डाउनलोड' बटणं, तिन्ही जाहिराती. आईने नेमकं काय ओळखायचं त्यातून? अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकता येत नाहीत. फायरफॉक्समध्ये येतात, आणि डिसेंबर २०२३पासून तर त्याने फोनवर एक्स्टेन्शनचं दार सगळ्यांनाच उघडं केलं. मी फायरफॉक्स टाकला, त्यात युब्लॉक ओरिजिन टाकलं, तेच पान परत उघडलं. बटणं गायब. उरले फक्त मोदक.

लॅपटॉपवरही साधारण हीच गोष्ट. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले, 'मॅनिफेस्ट व्ही३' म्हणतात त्याला, आणि त्यात जुनं युब्लॉक ओरिजिन बंद पडलं. 'लाइट' आवृत्ती चालते, पण तिची ताकद कमी. फायरफॉक्सवर पूर्ण आवृत्ती चालते. आयफोनवाल्यांनो, तुम्हाला मात्र पूर्ण आवृत्ती मिळणार नाही. आपल्याकडे आयफोनवर कुठलाही ब्राउझर घेतला तरी आत ॲपलचं वेबकिटच असतं, आणि तिथल्या फायरफॉक्सवर युब्लॉक ओरिजिन चालत नाही.

आता कुणी म्हणेल, मग एज घे, ब्रेव्ह घे, ऑपेरा घे. घ्या की! पण ते सगळे क्रोमियमवरच बनलेले आहेत. एजसुद्धा जानेवारी २०२०पासून. गाडीचा रंग बदलला, इंजिन तेच. स्वतःचं वेगळं इंजिन, गेको, घेऊन उभा राहिलेला मोठा ब्राउझर म्हणजे फायरफॉक्स. याचं महत्त्व काय? इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आला २००१ला, ७ आला २००६ला. स्पर्धाच नव्हती, तर पाच वर्षं कोण कशाला घाम गाळेल? मध्ये नोव्हेंबर २००४मध्ये फायरफॉक्स १.० आला, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. आणि खरं सांगू का, मी स्वतः ऑफिसात वर्षानुवर्षं फक्त क्रोमवर टेस्ट करून कोड पुढे ढकलत होतो. एका पोर्टलवर फायरफॉक्समधून ओटीपीचा डबाच दिसला नाही, तेव्हा शिव्या देताना आठवलं, की हे असलं काम आपणही केलंय.

फायरफॉक्स म्हणजे कुणी साधुसंत आहे असंही समजू नका. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा गूगलकडूनच येतो, सर्चचा डीफॉल्ट गूगल ठेवण्याबद्दल.

बरं, आईच्या फोनचं पुढे काय झालं? मी पुण्याला परतलो आणि चार दिवसांनी तिचा फोन. "अरे, त्या जाहिराती परत आल्या." व्हिडिओ कॉलवर बघितलं, तर ती होम स्क्रीनवरच्या गूगलच्या पट्टीत माइक दाबून शोधत होती, आणि ती पट्टी फायरफॉक्सला विचारतेय कशाला! एवढा इंजिनिअर, पण आई इंटरनेट कुठून 'उघडते' हेच मी बघितलं नव्हतं. बाबांना फोन धरायला लावून ती पट्टी काढली, तिथे फायरफॉक्सची सर्चपट्टी बसवली, डीफॉल्ट ब्राउझर बदलला. क्रोम मात्र ठेवला. वीजबिलाचा पासवर्ड त्यात सेव्ह आहे आणि तो तिला पाठ नाही.

आता मेल. इथे लोकांचा एक मोठा घोळ होतो. थंडरबर्ड घेतलं म्हणजे जीमेल सुटलं, असं नाही. तुमचा पत्ता तोच, मेल गूगलच्याच सर्व्हरवर. फक्त वाचायची खिडकी बदलते. मी घेतलं ते एका साध्या कारणासाठी: १५ जीबी भरत आली होती, आणि कॉलेजपासूनचे मेल, ऑफर लेटर, भाड्याचे करार, सगळं त्यात. जागा भरली की नवीन मेल येणंच थांबतं.

लॅपटॉपवर थंडरबर्ड लावलं, सगळे मेल खाली उतरले, आणि मी निवांतपणे चार हजार जुने मेल उडवले. "कॉपी तर आहे ना!" थोड्या वेळाने फोनवर बघतो तर तिथूनही गेलेले. कारण आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे उडवलं की सर्व्हरवरही उडतं. जीमेलच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं म्हणून वाचलो. मग रीतसर केलं: मेल आधी थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये कॉपी, ते फोल्डर उघडून खात्री, प्रोफाइलची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि मगच डिलीट.

फोनवरचं थंडरबर्ड ऑक्टोबर २०२४मध्ये आलं, जुन्या के-९ मेलवरून बनवलेलं. चांगलं आहे, पण माझा फोन बॅटरी वाचवायला त्याला मागच्या मागे झोपवतो आणि मेल उशिरा दिसतो. ते सेटिंग बदलता येतं. मी कंटाळा केला, फोनवर जुनंच ॲप ठेवलं.

सध्याची स्थिती अशी: माझ्या लॅपटॉपवर फायरफॉक्स आणि थंडरबर्ड, ऑफिसच्या मशीनवर क्रोम, पण आता टेस्ट दोन्हीवर. आईच्या मेलला हात लावलेला नाही. ती मेल वाचतच नाही. तुम्हाला बदलायचंच असेल तर आधी आठवडाभर दोन्ही ब्राउझर शेजारी ठेवा, आणि कुठल्या साइटसाठी जुन्याकडे परत जावं लागतं ते लिहून ठेवा. माझ्या यादीत तीन निघाल्या.

परवा आईने मोदकाचा फोटो पाठवला. एक फुटला होता. बाबांचा फोन अजून बाकी आहे, त्यांनी कुठे कुठे 'अलाऊ' दाबलंय देव जाणे. गणपतीत गेलो की बघतो. चला, भेटू पुढच्या भागात!