घोषणा वाजवून घ्या

(विहाराच्या वर्धापन दिनी दुसरबीड येथे दिलेले व्याख्यान)



बाजारात मडकं घेताना आपल्या आयाबाया ते बोटानं वाजवून पाहतात. निवडणुकीतली घोषणा मात्र आपण न वाजवताच घरी आणतो. आज तीन घोषणा वाजवून पाहू.

पहिली आपल्या जखमेची. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. शेजारच्या मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या, पोचीराम कांबळे यांच्यासारख्यांचा बळी गेला. नामांतराच्या विरोधात घोषणा फिरली, 'घरात नाही पीठ, कशाला हवे विद्यापीठ'. ऐकणारे हसले. यमक जुळलं की माणसाला वाटतं, विचारही जुळला!

आता वाजवा. घरातलं पीठ जोंधळ्याचं. विद्यापीठातलं पीठ म्हणजे आसन, स्थान. शब्दावर कोटी केली म्हणजे मुद्दा सिद्ध होत नाही. दुसरं, विद्यापीठाला नाव दिल्यानं कोणाच्या डब्यातलं पीठ कमी होणार होतं? दोन्हींपैकी एकच मिळेल, असा खोटा पेच घातला. तिसरं, प्रश्न होता नाव द्यावं की नाही. बोट दाखवलं मागणाऱ्याच्या गरिबीकडे. उलट, पीठ नसलेल्या घरालाच विद्या जास्त लागते. म्हणून तर बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. एका पोकळ मडक्याचा आवाज साडेपंधरा वर्षं आपल्या कानात घुमत राहिला.

दुसरी घोषणा १९७१ ची, 'गरिबी हटाओ'. इंदिरा गांधी सांगत, विरोधक म्हणतात इंदिरा हटाओ, मी म्हणते गरिबी हटाओ. म्हणजे इंदिराजींना विरोध करणारा गरिबीच्या बाजूचा! मधली वाटच बंद. गरिबी हटावी आणि सरकारचा कारभारही तपासावा, असं म्हणणाऱ्यानं जावं कुठं? शिवाय कशी हटवणार, किती दिवसांत, हे घोषणेत नव्हतं. तरी त्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला ३५२ जागा मिळाल्या.

तिसरी वाजवताना बोट थोडं थरथरेल, कारण ती आपल्याच तोंडची आहे. २०२४ च्या लोकसभेला समोरून आलं 'चारसौ पार'. आपण उत्तर दिलं, चारशे झाले की संविधान संपलं. भीती हवेतली नव्हती; त्या पक्षाच्या काही नेत्यांनीच संविधान बदलायची भाषा केली होती. पण चारशे आणि 'संपलं' यांच्या मध्ये पायऱ्या आहेत. दुरुस्तीला राज्यसभेतही दोन-तृतीयांश मतं लागतात. काही कलमांना निम्म्या राज्यांची संमती लागते. आणि १९७३ च्या केशवानंद भारती निकालानुसार मूळ चौकटीला संसदेलाही हात लावता येत नाही. या पायऱ्या गाळून बोललो, तर आपणही पीठवाल्यांच्याच रांगेत. पायऱ्या सांगून बोललो, तर पोराला पहारा कुठं द्यायचा ते कळेल.

तथागतांनी कालामांना हेच सांगितलं. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका. हिताचं की अहिताचं, ते स्वतः पारखा. बाबासाहेबांनीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला होता. आपण दोघांचेही फोटो लावले. परीक्षा घेण्याची सवय मात्र भिंतीवर लावता येत नाही.

तेव्हा उद्या मिरवणुकीत घोषणा आली, तर ओरडण्याआधी तीन प्रश्न विचारा. यात यमक किती, कारण किती? मधली वाट कोणी बुजवली? आणि हीच घोषणा विरोधकानं दिली असती, तर मला पटली असती का?

तिसऱ्या प्रश्नाला जी टिकेल, ती खुशाल मोठ्यानं द्या. मीही तुमच्या आवाजात आवाज मिसळीन.

नमो बुद्धाय! जयभीम!