थेंब कमी नव्हते, जास्त झाले होते
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीत मी डोळ्यांच्या थेंबांबद्दल अर्धवट बोलले आणि त्यातून एक घोटाळा झाला. तो निस्तरायचा म्हणून आज परत उभी आहे.

आधी माझं सांगते. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर आली की आमच्या गटात आठ-आठ तास शिलाई चालते. सुईकडे टक लावून बसलं की पापणी कमी लवते, डोळे कोरडे पडतात. त्यात पाळी जायचं वय, त्यानंही कोरडेपणा वाढतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. मेडिकलमधून थेंबांची बाटली आणली. सुरुवातीला बरं वाटलं. मग दोनदाचे चारदा, चारदाचे आठदा झाले. जितके घालावेत तितकी आग! मला वाटलं, दुखणं वाढलं. शेवटी तपासायला गेले तर डॉक्टर मॅडमनी बाटली हातात घेऊन विचारलं, "दिवसातून किती वेळा?" आठ म्हटल्यावर म्हणाल्या, "औषध बरोबर आहे हो, पण ते टिकवायला जे घातलंय ते तुमच्या डोळ्याला सोसत नाही."

बाटली उघडली की आपण ती महिनाभर वापरतो. रोज झाकण निघतं, टोक पापणीला लागतं. आत जंतू वाढू नयेत म्हणून कंपनी त्यात प्रिझर्व्हेटिव्ह घालते. ते घालावंच लागतं, नाहीतर जंतूच डोळ्यांत जातील. त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं म्हणजे बेन्झाल्कोनियम क्लोराइड. ते काम करतं साबणासारखं. आपल्या अश्रूंवर तेलाचा पातळ थर असतो, दुधावर साय धरते तसा. त्यामुळे डोळ्यांतलं पाणी लवकर सुकत नाही. हे द्रव्य तो थर मोडतं आणि बुबुळावरच्या नाजूक पेशींनाही इजा करतं. चांगल्या डोळ्यात अश्रू ते धुऊन नेतात. कोरड्या डोळ्यात धुवायला पाणीच कुठंय? म्हणून ज्यांना थेंबांची जास्त गरज, त्यांनाच त्याचा त्रास जास्त.

एक-दोनदा घालणाऱ्या बहुतेकींना काही होत नाही. चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब मिळतील का, असं डॉक्टरांना विचारायचं. ते बहुधा एका वेळेपुरत्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्यांत येतात. महाग पडतात, खोटं कशाला सांगू. पण उरलंय म्हणून कुपी दुसऱ्या दिवशी वापरू नका. त्यात जंतू रोखणारं काहीच नसतं. मी एकदा काटकसर करायला गेले होते, लेकीनं हातातून काढून घेतली.

आता तो घोटाळा. माझं मागचं बोलणं ऐकून आमच्या गल्लीतल्या काकूंनी घरी जाऊन बाटली बंद केली. ती काचबिंदूची होती! त्यांच्याही डोळ्यांची आग व्हायची, म्हणून त्यांना माझं पटलं. तीन आठवड्यांनी तपासलं तर डोळ्यातला दाब चढलेला. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, बायांनो. मला रात्रभर झोप नाही आली. काचबिंदूच्या बऱ्याच थेंबांत हेच द्रव्य असतं हे खरं, पण ते आपल्या मनानं एक दिवसही बंद करायचे नाहीत. आग होते असं डॉक्टरांना सांगायचं, ते दुसरं औषध बघतात. काकूंना तसंच बदलून दिलं. आता सकाळ-संध्याकाळ त्यांनी थेंब घातले का, हे मी दारातून विचारून जाते. त्या चिडतात, पण सांगतात.

पुढच्या बैठकीला घरातली बाटली घेऊन या. अक्षर बारीक आणि इंग्रजीत असतं, कॉलेजातल्या पोरींना वाचायला बसवू. कधी उघडली तेही आठवून या. महिना उलटला असेल तर टाकून द्या, अर्धी भरलेली असली तरी.