ऐकावे कुणाचे आणि सांगावे काय?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, जमशेदपूर येथे दिलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि संतवाङ्मय यांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे झाली. त्यांच्यानंतर आदित्यपुरातल्या एका लहानशा वर्कशॉपच्या चालकांना या व्यासपीठावर उभे करण्याचे धाडस कार्यकारिणीने केले आहे. आम्ही दोघे बंधू. ध्वनिवर्धकापुढे एकच उभा असला तरी बोलणे दोघांचे आहे, आणि जी चूक आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत तीही दोघांचीच आहे.

विषय आहे उद्योजकांच्या पॉडकास्टचा. ते शोधावेत कसे, त्यांतून शिकावे काय आणि कधी पाहुणे म्हणून जाण्याची वेळ आली तर बोलावे काय, एवढाच. समोरच्या तरुण मंडळींना हा शब्द नवा नाही. ज्येष्ठांसाठी मात्र थोडा खुलासा करतो. आकाशवाणीवर मुलाखत लागली की आपण घड्याळ पाहून रेडिओजवळ बसत असू. पॉडकास्टमध्ये मुलाखत ध्वनिमुद्रित करून ठेवलेली असते आणि ऐकणारा आपल्या सवडीने ती मोबाईलवर ऐकतो. हा शब्द २००४ च्या फेब्रुवारीत ‘गार्डियन’ या इंग्रजी वृत्तपत्रात बेन हॅमर्स्ली यांनी प्रथम वापरला, आणि २००५ च्या जूनमध्ये ॲपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये अशा कार्यक्रमांना जागा दिली. आता तर यूट्यूबवरच्या दीर्घ चित्रमुद्रित मुलाखतींनाही आपल्याकडे सर्रास पॉडकास्टच म्हणतात.

साधन नवे असले तरी कल्पना नवी नाही. आमचे वडील पलूसकडचे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचा भोंगा ऐकत वाढलेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये त्या उजाड माळावर कारखाना वसवला. लोखंडाने जमीन बिघडेल या शेतकऱ्यांच्या समजुतीमुळे त्यांचे नांगर आरंभी खपत नव्हते. त्याच कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले. कारखानदाराने स्वतःच्या धडपडीचा वृत्तांत समाजापुढे मांडावा, ही रीत मराठी माणसाला शंभर वर्षांची परिचित आहे. पॉडकास्ट हे त्याच रीतीचे आजचे रूप आहे.

आमचा या प्रकाराशी संबंध आला तो चिरंजीवांमुळे. सोनारीहून आदित्यपूरला जाताना खरकाईच्या पुलावर गाडी अडकून पडते. त्या वेळात ऐकायला म्हणून त्याने मोबाईलवर काही कार्यक्रम लावून दिले. गाय राझ यांचा २०१६ पासून चालू असलेला ‘हाऊ आय बिल्ट धिस’ हा त्यांतला पहिला. मोठमोठ्या अमेरिकन कंपन्यांचे संस्थापक त्यात आपली कहाणी सांगतात. इंग्रजी आम्हाला बेताचेच, पण गोष्टी समजत गेल्या आणि समजता समजता चढत गेल्या. बहुतेक कहाण्यांत एक प्रसंग येई: सर्वजण नको म्हणत असता त्या गृहस्थाने कर्ज काढले, एका मोठ्या गिऱ्हाइकावर भिस्त ठेवली, आणि नशीब उघडले. पुलावरून उतरताना आमच्या लहान वर्कशॉपचे छप्पर आम्हाला रोज अधिकच ठेंगणे दिसू लागले.

२०२२ च्या आरंभी आम्ही कर्ज काढून सी.एन.सी. लेथ घेतले. एका मोठ्या खरेदीदाराचे जॉबवर्क मिळाले होते. पाहता पाहता आमच्या दहा आण्यांहून अधिक काम त्याचेच झाले. बिल पंचेचाळीस दिवसांत चुकते व्हायचे ठरले होते. पहिले बिल साठ दिवसांनी आले, दुसरे नव्वद दिवसांनी. तिसऱ्याला एकशे अठरा दिवस लागले, आणि चौथे आलेच नाही. बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला दारात उभा राही.

दोष खरेदीदाराचा होताच, पण आमच्या ऐकण्यातही होता. आपल्या देवस्थानांत नवस फेडणाऱ्यांची रांग लागते. ती रांग पाहून वाटते, या देवाला केलेला प्रत्येक नवस पावतोच. परंतु ज्याला तो पावला नाही, तो नारळ घेऊन येतो कशाला? तो घरीच असतो आणि त्याची रांग कुणाला दिसत नाही. उद्योजकांचे पॉडकास्ट ही नवस फेडणाऱ्यांची रांग आहे. गाय राझ मुलाखतीच्या शेवटी पाहुण्यांना विचारतात, की या यशात कष्ट किती आणि दैव किती. पुष्कळ पाहुणे दैवाचा वाटा मोकळेपणाने मान्य करतात. आमची गाडी तोवर पुलापलीकडे पोहोचलेली असे आणि आम्ही ते बंद करत असू. कार्यक्रमातला सर्वांत उपयोगाचा प्रश्न आम्ही दोन वर्षे ऐकलाच नाही.

ठेच लागल्यावर आम्ही ऐकणे सोडले नाही, ऐकण्याची रीत बदलली. ती आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, कार्यक्रम प्रसिद्धीवरून निवडू नये, आपल्या अडचणीवरून निवडावा. अडचण एका वाक्यात कागदावर लिहावी. ‘धंदा वाढवायचा आहे’ ही अडचण नव्हे. ‘बिलाचे पैसे वेळेवर येत नाहीत’ ही अडचण होय. त्या वाक्यातले शब्द मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत घालून यूट्यूबवर किंवा स्पॉटिफायवर शोध घ्यावा. असाच शोध घेताना एका लघुउद्योजकाच्या मुलाखतीत आम्हाला आमच्याच हक्काचा कायदा प्रथम कळला. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. त्यापुढे विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. तक्रारीसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये ‘समाधान’ हे पोर्टल सुरू केले होते. उद्यम नोंदणी आमच्या भिंतीवर चौकटीत लावलेली होती, परंतु तिचा उपयोग काय हे आम्हाला ठाऊक नव्हते. अमेरिकेतला कोट्यधीश कितीही प्रामाणिक असला तरी हे तो आपल्याला सांगू शकणार नाही, कारण ती त्याची अडचणच नव्हे.

दुसरी गोष्ट, माणसावरून माग काढावा. ज्याचे काम आपण ओळखतो, अशा व्यावसायिकाचे नाव घालून तो आणखी कोणकोणत्या कार्यक्रमांत बोलला आहे ते पाहावे. मोठ्या कार्यक्रमात तो घासूनपुसून बोलतो आणि लहान कार्यक्रमात मोकळा होतो, असा आमचा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट, मुलाखतकाराची परीक्षा घ्यावी. पहिल्या वीस मिनिटांत तो आकडा विचारतो का? भांडवल किती, ते कुणाचे, पहिले गिऱ्हाईक किती दिवसांनी मिळाले? ‘आपल्या यशाचे रहस्य काय’ एवढेच विचारणारा मुलाखतकार हारतुरे देणारा असतो. कार्यक्रमाचा खर्च कोण भागवतो, तेही ऐकावे. ज्याची जाहिरात मध्येमध्ये लागते त्याच्याविषयी तिखट प्रश्न सहसा येत नाहीत.

चौथी गोष्ट, प्रकार ओळखून ऐकावे. ‘ॲक्वायर्ड’ या कार्यक्रमात बेन गिल्बर्ट आणि डेव्हिड रोझेन्थाल एकेका कंपनीचा इतिहास काही तास सांगतात. ‘फाउंडर्स’मध्ये डेव्हिड सेनरा उद्योजकांची चरित्रे वाचून त्यांचे सार मांडतात. येथे आत्मस्तुतीला वाव कमी असतो. मराठीत विनायक पाचलग यांच्या ‘थिंक बँक’सारख्या वाहिन्यांवर नाना विषयांच्या मुलाखती असतात; त्यांतून आपल्या कामाच्या तेवढ्या निवडाव्यात. आणि कोणताही भाग ऐकून झाल्यावर एकच वाक्य वहीत लिहावे व आठवड्याच्या आत करून पाहावे. आमच्या वहीतल्या एका वाक्यावरून आम्ही नियम केला, की कोणत्याही एका गिऱ्हाइकाचे काम चार आण्यांहून अधिक घ्यायचे नाही. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण आपण आडमुठेपणाच्या समर्थनासाठी वापरतो. तिचा खरा अर्थ असा, की ऐकलेले आपल्या परिस्थितीला ताडून मगच आचरावे.

आता पाहुणे होण्याविषयी. २०२३ मध्ये आम्हाला एक दूरध्वनी आला. आपली प्रेरणादायी कहाणी जगापुढे यावी अशी पलीकडच्या गृहस्थांची इच्छा होती आणि त्या इच्छेची किंमत पंचवीस हजार रुपये होती. त्या वेळी पंचवीस हजार आम्हाला थोडे नव्हते. तरीही नाव होईल, कामे मिळतील, या आशेने आम्ही ते दिले. प्रश्न त्यांनीच पाठवले, उत्तरांचा मसुदाही पाठवला. कार्यक्रम प्रसिद्ध झाला तेव्हा तो ऐकणाऱ्यांत आमचे नातेवाईकच अधिक होते. जो पाहुण्याकडून पैसे घेतो त्याला श्रोता जमवण्याची निकड उरत नाही, एवढा धडा आम्ही पंचवीस हजारांत घेतला. आपल्याला तो विनामूल्य देत आहोत.

पुढच्या वर्षी आम्ही उलट केले. लघुउद्योगांविषयी बोलणाऱ्या एका लहान मराठी कार्यक्रमाचे तीन भाग पूर्ण ऐकले. त्यात कशाविषयी कुणी बोललेले नाही ते टिपले. मग प्रत्येक भागाखाली मुलाखतकाराचा पत्ता दिलेला असतो, त्यावर दहा ओळींचे पत्र लिहिले. आम्ही कोण हे दोन ओळींत होते, आणि आपल्या श्रोत्यांना आमच्याकडून काय मिळेल हे उरलेल्या ओळींत. ‘अडकलेले बिल वसूल करताना आम्ही केलेल्या चुका’ एवढाच विषय सुचवला. आठ दिवसांत उत्तर आले.

तो तरुण मुलाखतकार फार शांतपणे विचारत होता. कायद्याचे सारे सांगून झाल्यावर त्याने विचारले, “त्या एकशे अठरा दिवसांत घर कसे चाललेत?” या प्रश्नाची आम्ही तयारी केली नव्हती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग सांगितले, की घरच्या दोघी जावांनी आपल्या पाटल्या गहाण ठेवून कामगारांचे पगार भागवले, आणि एका महिन्याचा पगार तरीही तीन आठवडे थकला. तो भाग प्रसिद्ध झाल्यावर कोल्हापूर आणि नाशिककडच्या तीन अपरिचित वर्कशॉपवाल्यांचे दूरध्वनी आले. अर्ज कसा करावा, कागद कोणते जोडावे, हे त्यांनी विचारले. आमची तक्रार पुढे तडजोडीने मिटली. मुद्दल आले, व्याज आम्ही सोडले. त्या तिघांपैकी एकाने व्याजही मिळवले.

बंधुभगिनींनो, येथवरचे भाषण लिहिणे आम्हाला जड गेले नाही. आता जे सांगायचे आहे त्यासाठी मात्र आम्ही दोघे पुष्कळ रात्री बसलो.

२०२२ च्या गणेशोत्सवात मंडळाच्या अंकात आमच्या वर्कशॉपची पूर्ण पानाची जाहिरात होती. ‘शुभेच्छांसह’ असे तिच्यावर लिहिले होते. ती उसन्या पैशांची होती. आरतीनंतर कुणी धंद्याची चौकशी केली की आम्ही म्हणत असू, “बाप्पाच्या कृपेने उत्तम आहे.” परप्रांतात मराठी माणसाची मान ताठ दिसली पाहिजे, असे आम्ही स्वतःला समजावत होतो. पुढच्याच वर्षी आपल्या मंडळातल्या एका तरुणाने त्याच खरेदीदाराचे काम घेतले. आनंदाने पेढे घेऊन तो आमच्या घरी आला होता. आम्हाला सर्व ठाऊक होते. आम्ही पेढा खाल्ला आणि काही बोललो नाही. दहा महिन्यांनी त्याने आपले वर्कशॉप बंद केले. आज तो नोकरी करतो.

कोल्हापूरच्या अपरिचितांना जे आम्ही ध्वनिमुद्रणाच्या खोलीत सांगितले, ते हाताच्या अंतरावर बसलेल्या आपल्या माणसाला सांगितले नाही. त्याने आमचा तो भाग ऐकला आणि स्वतःहून घरी आला. रागाने बोलला असता तर बरे झाले असते. त्याने एवढेच विचारले, “काका, तेव्हा का नाही सांगितलेत?” त्याच्या संमतीनेच आज हे येथे बोलत आहोत.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक सूचना मंडळापुढे ठेवतो. मंडळाने दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मराठीत, आपल्यापैकी एका व्यावसायिकाची मुलाखत ध्वनिमुद्रित करावी. वाचनालयाची खोली दुपारी रिकामी असते. एक मोबाईल, कॉलरला लावायचे दोन माइक आणि पंखा बंद ठेवण्याची सहनशीलता, एवढेच साहित्य लागते. खानावळ चालवणाऱ्या ताईंना बोलवावे, औषधांचे दुकान चालवणाऱ्या काकांना बोलवावे, आणि ज्यांचा धंदा बुडाला त्यांना आधी बोलवावे. नियम दोनच असावेत: पाहुण्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, आणि नुकसानीचा आकडा विचारल्याशिवाय मुलाखत संपवायची नाही. पाटणा, रायपूर, कोलकाता येथे असलेल्या मराठी कुटुंबांनाही ते ऐकता येईल. आपली मुले मोठमोठ्या परदेशी उद्योजकांची चरित्रे आवडीने ऐकतात, त्याला आमची हरकत नाही. पण शेजारच्या घरातला अनुभव त्यांच्या कानी पडला नाही, तर तो दोष मुलांचा नव्हे, तोंड मिटून बसलेल्या आपला आहे.

कार्यकारिणीने ही सूचना तत्त्वतः मान्य केली आहे. पहिल्या भागाचे पाहुणे आम्ही दोघे असू. प्रश्न विचारायला तो तरुण तयार झाला आहे. त्याने प्रश्न आम्हाला आधी दाखवलेले नाहीत, आणि आम्ही मागितलेलेही नाहीत.